ताटाची जात : जव्हार-मोखाड्याच्या अन्नाचा इतिहास

१

मोखाडा तालुक्यातील पोशेरा या गावी मी प्रथम गेलो तो एका वहीच्या निमित्ताने. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एक काम दिले होते. आपल्या घरी वर्षाच्या बारा महिन्यांत काय काय खाल्ले जाते, ते घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणा, एवढेच ते काम. ज्यांच्या नावाचे ताम्रपट नाहीत, बखरी नाहीत, वतनाच्या सनदा नाहीत, त्यांचा इतिहास चुलीपाशी जाऊन शोधावा लागतो, असे मला वाटत होते आणि आजही वाटते.

पोशेऱ्याच्या एका वारली मुलाने वही आणून दिली. अक्षर सुरेख होते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बाराही महिन्यांपुढे त्याने एकच मजकूर लिहिला होता : वरण, भात, भाजी, चपाती. ज्या डोंगरउतारावर नागली, वरई आणि पावसाळी भात यांपलीकडे फारसे धान्य येत नाही, तिथे बारमाही चपाती कुठून आली, असे मी त्याला विचारले. तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, खेकडे-बिकडे लिहायचं असतं का?"

मला त्याच्यावर रागावता आले नाही. कारण हीच लबाडी मीही केली होती. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातील बौद्धवाड्यात मी वाढलो. प्राथमिक शाळेत 'माझे आवडते जेवण' या विषयावर निबंध लिहायचा होता. मी श्रीखंड-पुरीवर लिहिला. श्रीखंड मी तोपर्यंत पाहिलेही नव्हते. त्या दिवशी आमच्या घराच्या आढ्याला दोरीवर चान्या वाळत होत्या, आणि त्यांच्यावर बसणारे कावळे हाकलण्याचे काम माझ्याकडे होते. निबंधाला शाबासकी मिळाली. त्या शाबासकीची लाज मला पुढे पदवीधर झाल्यावर वाटू लागली, त्याआधी वाटली नाही.

दोन पिढ्यांतली, दोन समाजांतली दोन मुले आपल्या ताटाविषयी खोटे लिहितात. यातले एक मूल पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य घरातले, दुसरे आदिवासी. त्यांना कुणी छडी दाखवून खोटे लिहायला लावलेले नसते. कोणते अन्न लिहिण्याजोगे आणि कोणते लपवण्याजोगे हे त्यांना शाळेच्या भिंती, पाठ्यपुस्तकातली चित्रे आणि मास्तरांचे चेहरे शिकवतात. प्रस्तुत लेखात या लपवलेल्या अन्नाचा विचार करायचा आहे. माणसाच्या पोषणात वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य अन्नाचे काय स्थान आहे हा प्रश्न आहारशास्त्राचा म्हणून ओळखला जातो. आपल्या देशात मात्र तो शास्त्राच्या टेबलावर येण्याआधीच वर्णव्यवस्थेने निकालात काढलेला असतो. म्हणून तो इतिहासाचाही प्रश्न आहे.

२

त्या मुलाच्या घरी मी गेलो. त्याची आजी अंगणात नागली पाखडत होती. मी महिने विचारले, तिने कामे सांगितली. राब भाजण्याच्या दिवसांत काय, आवणीच्या दिवसांत काय, कापणीनंतर काय, असे तिचे पंचांग होते. ते ऐकताना माझ्या लक्षात आले की या मुलखाचे अन्न दोन पायांवर उभे आहे. एक पाय शेतात, दुसरा रानात.

शेतातले अन्न म्हणजे नागली, वरई, भात, उडीद, तूर, कुळीथ आणि तेलासाठी खुरासणी. नागलीची भाकर आणि आंबील, वरईचा भात, उडदाचे कालवण. हे धान्य दिवाळीच्या आसपास घरात येते आणि बहुतेक घरांत उन्हाळ्याच्या शेवटी संपते. पुढचे अन्न रानातले. पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवतात, पाठोपाठ टाकळा, कुर्डू, लोत, भारंगी, बांबूचे कोंब, चाईची फुले, अळंबी. जमिनीखाली कंद असतात. त्यातला कडूकंद तसाच खाल्ला तर विषारी. तो चिरून, राखेच्या पाण्यात शिजवून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचे विष काढावे लागते. हे ज्ञान कुठल्याही विद्यापीठाने दिलेले नाही. कित्येक पिढ्यांतल्या बायकांनी भुकेपोटी आणि जिवावर उदार होऊन ते मिळवले आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले. ती वाळवून ठेवली की पावसाळ्यात उकडून खाता येतात.

आणि प्राणिजन्य अन्न? शहरातला माणूस समजतो की आदिवासी म्हणजे रोज शिकार करून मांस भाजणारा. ही समजूत निव्वळ खोटी आहे. आजीच्या सांगण्यात कोंबडी आली ती देवाला, पाहुण्याला आणि लग्नाला. अंडे खाल्ले जात नाही, ते कोंबडीखाली बसवले जाते, कारण पिल्लू वाढले की बाजारात त्याचे पैसे होतात. गाय-बैल नांगरासाठी आणि शेणासाठी. दूध वासराचे, ते काढून विकण्याची किंवा पिण्याची जुनी रीत या घरांत नव्हती. नेमाने मिळणारे प्राणिजन्य अन्न म्हणजे ओढ्यातले खेकडे, वलगणीला चढणारे मासे, कधीमधी ससा किंवा रानडुक्कर, आणि बाजारातून आणलेली सुकट, जवळा, सुके बोंबील. डहाणू-सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळलेली मासळी घाट चढून डोंगरातल्या चुलीपर्यंत येते, ती ओंजळीने नव्हे, चिमटीने वापरली जाते. भाकरीबरोबर चिमूटभर सुकट आणि मिरची. बाळंतिणीला खेकड्याचा रस्सा. एवढेच ते 'मांसाहारी' ताट.

म्हणजे या मुलखातला माणूस मुख्यतः वनस्पतीवर जगणारा आहे. प्राणिजन्य अन्न त्याच्या ताटात थोडे असते, पण ते नेमक्या वेळी येते : पावसाळ्याच्या तोंडाशी, कणगी रिकामी असताना आणि आवणीचे सर्वांत कष्टाचे काम चालू असताना. या वेळेचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

३

हे अन्न कमी कसे झाले? आदिवासी मागासलेला, अडाणी, व्यसनी, म्हणून त्याची मुले कुपोषित, असे उत्तर अजूनही दिले जाते. इतिहास काही वेगळे सांगतो.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. शेजारचा मोखाडा पेटा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता. १८७८ च्या जंगल कायद्याने रानाचा मालक सरकार झाले. ज्या रानात राब तोडायचा, कंद खणायचे, पाखरे धरायची, त्या रानात पाय ठेवणे हाच गुन्हा ठरण्याची सोय झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका गवगवा झाला की सरकारला चौकशीसाठी एक जंगल आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पण कायदा राहिला. याच दोन जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर कायदा झाला. दारूचा महसूल बुडू नये म्हणून फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधन आले. सरकारच्या लेखी मोहाचे फूल म्हणजे दारूचा कच्चा माल होता. पावसाळ्यात ते माणसाचे अन्न असते, याची गणती महसूल खात्याच्या वहीत कुठे करणार?

रानाचा पाय असा तोडला. शेताचा पाय सावकाराने तोडला. मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर सिमिंग्टन या अधिकाऱ्याने केलेला अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल खात्याचा जाच, जमीनदार-सावकारांची वेठ, लग्नासाठी कर्ज घेऊन आयुष्यभर राबणारे लग्नगडी, हे सारे सरकारी कागदावर नोंदले गेले. पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेले धान्य म्हणजे खावटी, आणि ती पीक आल्यावर दिडीदुपटीने फेडायची. म्हणजे ज्या महिन्यांत कणगी भरते त्याच महिन्यांत ती सावकाराच्या गाडीत रिकामी होते. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूच्या बाजूला वारल्यांचा जो उठाव झाला, त्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिली आहे. वेठ आणि लग्नगडीपणा त्या लढ्याने मोडला. पण भूक मोडली नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा झाला. जंगल राखायला हवे, याविषयी दुमत नाही. परंतु ताटातून गेलेल्या सशाच्या जागी दुसरे काय ठेवायचे, याचा विचार त्या कायद्यात नव्हता. वैतरणेवर धरणे झाली, पाणी मुंबईला गेले. मोखाड्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहतात. दिवाळीनंतर माणसे पोरांसह भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे ना रान, ना ओढा, ना कोंबडी. किराणा दुकानातला तांदूळ आणि मिरची.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे पावसाळ्यात शंभरावर बालके दगावली तेव्हा महाराष्ट्राला हा मुलूख नकाशावर सापडला. मंत्र्यांच्या गाड्या आल्या. जव्हारला अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय आले. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आणि २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे पुन्हा भरली. दोन पिढ्यांत गाड्यांचे रंग बदलले, आईच्या मांडीवरचे मूल तेवढ्याच वजनाचे राहिले.

४

आता शास्त्राकडे वळू. कारण भावनेच्या भरात आपण शास्त्राला सोडले तर धर्ममार्तंडांत आणि आपल्यात फरक राहणार नाही.

१९३३ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथे मुलांचा एक आजार नोंदवला. अंगावर सूज, केस तांबूस, कातडी सोललेली. तिथल्या गा भाषेतले त्याचे नाव 'क्वाशिओरकॉर' हे त्यांनी शास्त्रात आणले. दुसरे मूल झाले की पहिल्याचे दूध तुटते, तेव्हा होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. त्यावरून जगभर समजूत झाली की गरीब देशांतल्या मुलांना प्रथिने कमी पडतात. दुधाची भुकटी आणि प्रथिनांचे डबे यांचा जमाना आला.

या समजुतीला ज्यांनी आव्हान दिले त्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक. त्यांचे म्हणणे असे की धान्य आणि डाळ यांचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिने आपोआप पुरतात. खरी तूट उष्मांकांची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांच्याही निरीक्षणात सुजलेली आणि सुकलेली मुले जवळपास एकच अन्न खात होती, आणि ते अपुरे होते. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मॅक्लारेन यांनी प्रथिनांच्या साऱ्या गाजावाजाला 'फजिती' ठरवले. इथवर सुखात्मे आणि गोपालन एका बाजूला होते. पुढे सुखात्म्यांनी असे मांडले की शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून उपाशी माणसांचा आकडा फुगवून सांगितला जातो. १९८२ मध्ये सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'लहान पण निरोगी' असा सिद्धान्तच मांडला. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला. खुरटलेले शरीर हे निरोगीपण नसून उपासमारीशी केलेली तडजोड आहे, असा त्यांचा रोख होता. पोशेऱ्याच्या अंगणात उभे राहिल्यावर या वादात कोण बरोबर होते हे सांगायला आकडेशास्त्र लागत नाही.

याच काळात, १९७१ मध्ये, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्यातून दारिद्र्यरेषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २२५० उष्मांक हा त्यांचा मापदंड. तो अभ्यास मोलाचा होता, यात शंका नाही. परंतु त्या परंपरेत गरिबाचे पोट म्हणजे कोळसा टाकायची भट्टी, अशी एक सवय धोरणाला लागली. अंत्योदयाचे ३५ किलो धान्य आले, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. पोट भरण्याच्या दृष्टीने हे फार मोठे काम झाले, ते मी नाकारणार नाही. पण त्याच तांदळाने डोंगरातली नागली मागे हटवली. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास. आता २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाल्यावर तीच नागली शहरातल्या मॉलमध्ये रंगीत पिशवीत बसली आहे, आणि ती पिकवणाऱ्याच्या घरी रेशनचा तांदूळ शिजतो आहे.

उष्मांक पुरले म्हणजे सारे पुरले, असे आजचे शास्त्र म्हणत नाही. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे एक आवश्यक द्रव्य कमी असते. डाळीत ते असते, म्हणून भाकर आणि उडदाचे कालवण ही जोडी शहाणपणाची. पण डाळ महागली की जोडी मोडते. नागलीत लोह आणि कॅल्शियम आहे, पण तिच्यातली फायटेट नावाची द्रव्ये ते शरीरात शोषू देत नाहीत. नागली भिजवून, मोड आणून, आंबवून खाल्ली की हा अडथळा कमी होतो. आंबील आणि सत्त्व करणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना फायटेट हा शब्द ठाऊक नव्हता, काम ठाऊक होते. वनस्पतीतले लोह एरवी थोडेच शोषले जाते. त्याच घासात थोडे मांस किंवा मासळी असली की ते अधिक शोषले जाते. म्हणजे भाकरीबरोबरची चिमूटभर सुकट नुसती चवीसाठी नाही. ती भाकरीतले लोहही कामाला लावते. सुक्या बोंबलाचे निम्म्याहून अधिक वजन प्रथिनाचे असते. आणि बी-१२ हे जीवनसत्त्व, जे १९४८ मध्ये वेगळे काढता आले, ते रक्त आणि मज्जातंतूंसाठी अत्यावश्यक, आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नाहीच. ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते.

सहा महिन्यांच्या मुलाचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. त्याचे पोट मुठीएवढे. पातळ पेजेने ते लगेच भरते आणि मूल उपाशीच राहते. त्याला थोडक्यात पुष्कळ देणारे अन्न लागते : तेल, डाळ, दूध, अंडे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले खुरटलेली आहेत आणि १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून अधिक बाया पंडुरोगी आहेत. साऱ्या प्रगत महाराष्ट्राचा हा आकडा. डोंगरात काय असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

तेव्हा शास्त्राचा निवाडा असा : माणूस मुख्यतः धान्य, डाळी, भाज्या यांवर जगू शकतो, जगत आला आहे. पण त्या जेवणात थोडेसे प्राणिजन्य अन्न असेल तर, विशेषतः गरोदर बाईला आणि लहान मुलाला, ते फार मोठे काम करते. इथे एक ढोंग उघडे केले पाहिजे. आपल्याकडे जो स्वतःला शाकाहारी म्हणवतो तो दूध, दही, तूप खातो. ते जनावराच्या अंगातूनच येते. त्याचे पोषण त्यावर उभे आहे, आणि तसे असण्यात गैर काही नाही. पण दूध पिणाऱ्याने शुद्ध ठरावे आणि खेकडा खाणाऱ्याने अशुद्ध, हे कोणत्या शास्त्रात बसते? ज्याच्याजवळ जमीन आणि दुभते जनावर आहे त्याचे प्राणिजन्य अन्न पवित्र, आणि ज्याला ओढ्यात हात घालावा लागतो त्याचे अपवित्र. याला आहारशास्त्र म्हणत नाहीत.

५

वर्णव्यवस्थेने माणसाची जागा त्याच्या ताटावरून ठरवली. कातकऱ्यांत सोन आणि ढोर असे भेद मानले गेले. ढोर कातकरी गोमांस खातात म्हणून ते खालचे. म्हणजे ज्यांना सगळ्यांनी खाली लोटले, त्यांच्यातही अन्नाच्या सुरीने काप पाडले गेले. बाबासाहेबांनी १९४८ मधील 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे एक मूळ गोमांसभक्षणाच्या प्रश्नात दाखवले. एके काळी जे सर्वांचे अन्न होते ते वरच्यांनी सोडले, पुढे ते पाप ठरवले, आणि परिस्थितीमुळे जे सोडू शकले नाहीत त्यांना गावाबाहेर ठेवले, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

पण इथे आमच्या घरातला एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. माझ्या पणजोबांच्या पिढीने ते सोडले. गावाने बहिष्कार घातला, तरी सोडले. आजी सांगायची, "मास गेलं, पन त्याच्या जागी भाकरीवर दुसरं काय आलं? मिठाचा खडा." म्हणजे स्वाभिमानाची किंमत त्या पिढीने अंगातल्या रक्ताने मोजली. मग बाबासाहेब चुकले का?

मुळीच नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी स्वतःच हा हिशेब सांगितला आहे. मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने अस्पृश्यांचे किती रुपयांचे नुकसान होते, याचे गणित एकाने वर्तमानपत्रातून मांडले होते. त्यावर त्यांचे उत्तर असे की एवढा फायदा असेल तर तुम्हीच ते काम करा. त्यांनी नाकारले ते मांस नव्हे. मेले म्हणून फेकलेले, दुसऱ्याने उष्टे करून टाकलेले, आणि ते उचलण्याची सक्ती असलेले अन्न त्यांनी नाकारले. अन्न आणि अपमान एकाच ताटात वाढलेले होते. अपमान बाहेर काढायचा तर ते ताटच लोटून द्यावे लागले. पुढे त्याच जागी मानाने, हक्काने, पोषक अन्न येणे हा त्या लढ्याचा उरलेला अर्धा भाग होता. तो अर्धा भाग अजून बाकी आहे.

आमच्यातल्या शिकलेल्या वर्गाने मात्र याचा उलटा अर्थ लावला. मृतमांस सोडणे ही मुक्ती होती, आम्ही मटणाचीही लाज धरू लागलो. मीही धरली. तालुक्याच्या गावी खोली भाड्याने घेताना मालकाने विचारले, "मांसाहार करता का?" जात विचारण्याची ही आजची सभ्य रीत आहे. मी नाही म्हणालो. तीन वर्षे त्या खोलीत मी अंडेसुद्धा शिजवले नाही. आई भेटायला आली तेव्हा तिने पदराखालून आणलेला डबा मी तिला परत न्यायला लावला. ती काही बोलली नाही. आज ती नाही, आणि तो डबा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवशी मी आईची नव्हे तर मालकाची बाजू घेतली होती. आमच्या अन्नाविषयी शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा आपले ताट छापील पानावर दिसले. असे लेखन अजून पुष्कळ व्हायला हवे, आणि आदिवासींच्या ताटाविषयी ते त्यांच्याच मुलांनी करायला हवे.

६

इतिहासाचा हा सारा ऊहापोह कशासाठी? कारण निर्णय आजही घेतले जात आहेत. ४ मार्च २०१५ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने गोवंश हत्याबंदीचा महाराष्ट्राचा कायदा बैल-वळूंनाही लागू झाला. गरिबाचे सर्वांत स्वस्त मांस बेकायदा झाले आणि म्हातारा बैल शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण, आणि पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडे, न खाणाऱ्यांना केळी. ही योजना चांगली आहे, हे मी अंगणवाड्यांत बसून पाहिले आहे. अंड्याच्या दिवशी मुले वेळेआधी येतात. पण अंड्याचा भाव बाजारात वाढतो, योजनेतला मागे राहतो, आणि पावसाळ्यात रस्ता तुटला की अंडे पाड्यावर पोचत नाही. म्हणजे नेमक्या भुकेच्या महिन्यांत.

शाळांचे काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. विरोध झाला. जे खात नाहीत त्यांना केळी देण्याची सोय असूनही विरोध झाला. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने सरकारने अंड्यासाठीचा पैसा काढून घेतला. शाळांनी हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे सांगण्यात आले. ज्या पाड्यातले लोक वीटभट्टीवर गेलेले आहेत तिथे लोकसहभाग कुणाचा घ्यायचा? ज्यांच्या घरी रोज दूध आहे त्यांच्या भावनेसाठी ज्यांच्या घरी आठवड्याचे एक अंडे नाही त्यांच्या ताटातून ते काढले गेले. इतिहासात हे पूर्वीही घडले आहे. तेव्हा त्याला धर्म म्हणत, आता त्याला निधीची अडचण म्हणतात.

मी कुणाला मांस खा म्हणून सांगत नाही. ज्याला शाकाहार पटतो त्याने तो करावा, आणि त्याच्या मुलाला डाळ, दूध, केळी भरपूर मिळावीत. माझे म्हणणे इतकेच की एकाच्या ताटाचा नियम दुसऱ्याच्या मुलावर लादू नये. डोंगरात नागलीला आणि उडदाला भाव द्यावा, रेशनमध्ये तांदळाबरोबर नागली आणि डाळ द्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला रानातल्या कंदा-फुलांचा हक्क कागदावरून चुलीपर्यंत आणावा. अंगणवाडीत आणि शाळेत अंडे पावसाळ्यात आधी पोचवावे. हे कुणी उपकार म्हणून करायचे नाही. फेकलेले अन्न आमच्या पणजोबांनी १९२७ मध्येच नाकारले आहे. हक्काचे अन्न मागण्यात मात्र लाज नाही.

पोशेऱ्याच्या त्या मुलाने वही पुन्हा लिहून आणली. या वेळी अक्षर थोडे घाईचे होते, कारण मजकूर पुष्कळ होता. शेवळे, चाई, कडूकंद आणि तो कडू न राहावा म्हणून काय करायचे ते, काळे खेकडे कुठल्या दगडाखाली सापडतात ते, वलगणीचे मासे धरायला आजोबा कोणती रात्र निवडत ते, सुकट किती दिवस पुरवायची ते. प्रत्येक महिन्यापुढे त्याने आजीने सांगितलेले तसेच्या तसे उतरवले होते. आषाढापुढे लिहिले होते : पाला, कंद, खेकडे. त्याखाली दुसऱ्या ओळीत : कधी कधी काहीच नाही.

ती वही मी विभागाच्या कपाटात ठेवली आहे. जव्हार-मोखाड्याच्या इतिहासाचे एक साधन म्हणून तिची नोंद केली आहे.